विल्यम कॅरी : जन्मगाव आणि स्मृतिसंग्रहालये

मराठीचे इंग्रजीतील पहिले मुद्रित व्याकरण आणि पहिला मुद्रित मराठी-इंग्रजी कोश ज्यांच्या नावावर आहे, त्या विल्यम कॅरी या मिशनरी भाषापंडिताचा जन्म 17 ऑगस्ट 1761 रोजी इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनशर परगण्यात पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील विणकर, पुढे ते गावच्या शाळेत शिक्षक झाले. विल्यम यांनी चांभारकामाची उमेदवारी केली आणि जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा आत्मसात केल्या.

ज्या घरात कॅरी जन्मले ते आज अस्तित्वात नाही. त्या जागी स्मारकशिळा आहे. त्यांच्या इंग्लंडमधील आयुष्याची वास्तुरूप खूण जपली गेली ती त्याच परगण्यातील मोल्टन गावात. 1785 ते 1789 या काळात कॅरी तेथे धर्मोपदेशक, शिक्षक आणि चर्मकार अशा तिन्ही नात्यांनी वावरले. त्यांची छोटी कुटी संग्रहालय म्हणून राखण्यात आली. कातडे भिजविण्याची दगडी डोणी हे तेथील खास आकर्षण. कामाच्या जागी भिंतीवर स्वहस्ते काढलेला जगाचा नकाशा लावून ते दूरदेशांचा अभ्यास करीत, असे सांगितले जाते.

1793 मध्ये कॅरी बंगालमध्ये आले आणि 1800 पासून कोलकात्याजवळच्या सेरामपूर या तत्कालीन डॅनिश वसाहतीत स्थिरावले. तेथील छापखान्यासाठी पंचानन कर्मकार या कुशल कारागिराने भारतीय लिप्यांचे खिळे घडविले. फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी बंगाली, संस्कृत व मराठी शिकवीत. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या त्या काळात कंपनीच्या अधिकाऱ्यांना मराठीची निकड भासत होती. त्यातून 1805 मध्ये व्याकरण आणि 1810 मध्ये कोश सिद्ध झाला. कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले आहेत. नांदेड-लातूरकडील देशमुख-देशपांड्यांच्या जुन्या दप्तरांतील हीच लिपी.

मात्र हे कार्य एकट्या कॅरींचे नव्हते. कॉलेजातील मराठीचे पंडित वैजनाथ शर्मा यांचे साहाय्य त्यामागे होते. ‘सिंहासन बत्तिशी’ (1814) आणि ‘हितोपदेश’ (1815) ही सेरामपूरची मराठी पुस्तकेही त्यांचीच. महाराष्ट्रापासून शेकडो कोसांवर घडलेल्या या मराठीला मर्यादा होत्या. 1831 मध्ये मोल्सवर्थ यांचा विस्तृत कोश प्रसिद्ध झाल्यावर कॅरींचा कोश मागे पडला. तरीही पुढच्या कोशकारांसाठी पायवाट त्यानेच पाडून दिली.

11 मार्च 1812 रोजी सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली. तीत खिळे, कागद आणि अनेक भाषांतील हस्तलिखिते भस्मसात झाली. वितळलेल्या धातूतून नवे खिळे पाडून छपाई लवकरच पुन्हा सुरू झाली. 9 जून 1834 रोजी कॅरी यांचे सेरामपूर येथे निधन झाले. 1818 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या सेरामपूर कॉलेजातील कॅरी ग्रंथालयात त्या काळचे दुर्मीळ मुद्रित ग्रंथ जतन केलेले आहेत.

कॅरींच्या घडणीची खूण मोल्टनच्या डोणीत सापडते, त्यांच्या भाषाकार्याची सेरामपूरच्या ग्रंथांत. मराठी वाचकाला मात्र त्या ग्रंथांपाशी कॅरींबरोबर पंचानन कर्मकार आणि वैजनाथ शर्मा यांचेही स्मरण ठेवावे लागेल. मुद्रित मराठीच्या आरंभी या तिघांचेही हात लागले आहेत.