पोटातली नळी आणि पॅरालिम्पिक

‘चंदू चॅम्पियन’ पाहिलाय ना? १९६५ च्या युद्धात जखमी झालेले आपले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकतात, ती गोष्ट. या स्पर्धेच्या मुळाशी गेलो तर मला काय सापडलं? हसू नका. लघवीची नळी!

पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले कितीतरी सैनिक गोळीतून वाचायचे आणि नंतर लघवीच्या इन्फेक्शनने नाहीतर बेडसोरने जायचे. मज्जारज्जूला इजा झाली की लघवी भरल्याचं कळत नाही, आपली आपण करताही येत नाही. मग सर्जन ओटीपोटाला छेद देऊन थेट मूत्राशयात नळी बसवायचे. तुंबलेली लघवी वाहती व्हायची, माणूस तेवढ्यापुरता वाचायचा.

खरा त्रास पुढे. नळी महिनोन्‌महिने आत राहिली की तिच्यावर जंतूंचा चिकट थर बसतो. काही जंतू लघवीतल्या युरियापासून अमोनिया करतात. त्याने क्षार साचतात, नळी चोंदते, मुतखडे होतात. कायम रिकामं राहिलेलं मूत्राशय आक्रसत जातं. लघवी उलटी वर चढली तर किडन्यांवर बेततं.

इथे येतात डॉ. लुडविग गुटमन, १९३९ मध्ये नाझी जर्मनीतून इंग्लंडला निघून आलेले ज्यू डॉक्टर. १ फेब्रुवारी १९४४ ला त्यांनी स्टोक मॅन्डेव्हिलला मणक्याच्या रुग्णांचा विभाग सुरू केला. पोटातल्या कायमच्या नळीला त्यांचा विरोध होता. त्यांची पद्धत अशी: निर्जंतुक नळी ठरलेल्या वेळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं, नळी काढून टाकायची. काम किचकट, दिवसरात्र चालणारं. पण माणसं जगायला लागली. १९६६ मध्ये त्यांनी आणि हान्स फ्रँकेल यांनी ४७६ रुग्णांचा अनुभव छापला.

आणि जगलेल्या माणसाला आयुष्यही हवं असतं ना! २९ जुलै १९४८, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाचा दिवस. त्याच दिवशी या हॉस्पिटलच्या हिरवळीवर व्हीलचेअरवरच्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. पॅरालिम्पिकची सुरुवात तीच.

मग पोटातली नळी संपली का? नाही. आज तिला सुप्राप्युबिक कॅथेटर म्हणतात. हात चालत नसतील, मूत्रमार्गाला इजा असेल, तर तीच सोयीची ठरते. पण धोके जुनेच आहेत. गुटमन आणि व्हिटरिज यांनी १९४७ मध्येच दाखवलं होतं की मज्जारज्जूला वरच्या बाजूला इजा असेल, तर नुसतं मूत्राशय फुगल्यानेही बीपी भयंकर चढतं. म्हणजे नळी चोंदली, अचानक डोकं ठणकायला लागलं, घाम फुटला, तर सकाळची वाट पाहायची नाही. नळी निसटली तरी तसंच, कारण पोटातलं भोक काही तासांतही बुजायला लागतं.

तुमच्या घरात कुणाला अशी नळी असेल, तर ती बदलायची तारीख आत्ताच मोबाइलमध्ये टाका. नळी वाईट नाही हो, ती बसवून विसरून जाणं वाईट.

भेटू पुढच्या भागात!