सामायिक बस आणि तिचे ड्रायव्हर : एका अमानतीची कुळकथा

कल्याणहून विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असा जाणारा लोहमार्ग आपल्या रोजच्या परिचयाचा आहे. कल्याण ते खोपोली ही वाट ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ साली खुली केली. आजही कर्जतच्या पुढे खोपोलीकडे जाताना एकेरी मार्ग लागतो. जाणारी गाडी त्याच रुळावरून जाते आणि येणारीही त्याच रुळावरून येते. मग त्या समोरासमोर का येत नाहीत?

या प्रश्नाचे उत्तर माणसाला फार महाग पडले. १८७४ साली इंग्लंडमध्ये नॉरविचजवळ थॉर्प येथे एकेरी मार्गावर दोन गाड्यांची टक्कर होऊन २५ माणसे दगावली. त्यानंतर एडवर्ड टायर या अभियंत्याने दोन स्टेशनांतील यंत्रे तारेने जोडून अशी व्यवस्था केली की, एका वेळी एकच टॅब्लेट, म्हणजे परवान्याची चकती, बाहेर निघावी. चकती हाती असेल तीच गाडी पुढे जाईल आणि ती पलीकडच्या यंत्रात परत पडेपर्यंत दुसरी निघणार नाही. भारतीय रेल्वेवर नीलच्या यंत्रातील लोखंडी गोळ्याने हेच काम केले. आपल्या भाषेत सांगायचे, तर तो गोळा म्हणजे अमानत. घ्यावी, काम करावे आणि वेळेवर परत करावी.

हेच तत्त्व पुढे संगणकाच्या पोटात कसे आले, ते विद्यार्थी व पालक यांच्यासाठी येथे थोडक्यात मांडायचे आहे.

धुलाई यंत्र, मोटारगाडी, रुग्णालयातील उपकरणे यांच्या आत आता एक लहानसा संगणक बसवलेला असतो. अशा रचनेला एम्बेडेड सिस्टिम म्हणतात. तापमान मोजणारा, वेळ ठेवणारा, माहिती साठवणारा असे अनेक भाग त्याला जोडावे लागतात. प्रत्येकाला स्वतंत्र तारा दिल्या, तर जागा व खर्च दोन्ही वाढतात. म्हणून सर्वांसाठी एकच सामायिक मार्ग ठेवतात. त्याचे नाव बस. एस. टी.ची बस आणि ही बस यांचे मूळ एकच, ‘ऑम्निबस’ हा लॅटिन शब्द, अर्थ ‘सर्वांसाठी’. त्या मार्गावरून एखाद्या भागाशी बोलणारा जो प्रोग्राम, तो डिव्हाइस ड्रायव्हर.

१९७० साली अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या पीडीपी-११ या संगणकात ‘युनिबस’ आली. प्रोसेसर, स्मृती आणि इतर उपकरणे एकाच तारांच्या जुडग्यावर बसली आणि मार्ग कोणाला द्यायचा, हे अग्रक्रमाने ठरू लागले. १९८२ मध्ये फिलिप्स कंपनीने दोनच तारांची ‘आय-स्क्वेअर-सी’ बस काढली. एका तारेवर माहिती, दुसरीवर ताल. दोघे एकदम बोलू लागले, तर ‘एक’ पाठवूनही तारेवर ‘शून्य’ दिसणारा आपण होऊन माघार घेतो. १९८६ मध्ये बॉश कंपनीने मोटारींसाठी ‘कॅन’ बस जाहीर केली. तिच्यात ज्या संदेशाचा क्रमांक लहान, त्याला आधी वाट मिळते.

परंतु तारांनी शिस्त पाळली, तरी प्रोग्रामने ती मोडली तर काय? एक ड्रायव्हर अर्धे वाक्य बोलला असताना दुसऱ्याने मध्येच तोंड घातले, तर आकडे चुकतात. म्हणून ड्रायव्हरची रचना दोन थरांत करतात. खालचा थर बस सांभाळतो. वरचा प्रत्येक भागाचा स्वभाव जाणतो. कुलूप खालच्या थराकडे असते. वरच्याने ते मागावे, थोडक्यात काम उरकावे आणि काम फसले तरी कुलूप सोडावेच. समोरचा भाग गप्प राहिला, तर अनंत काळ वाट न पाहता ठरलेल्या मुदतीनंतर चूक कळवून बाजूला व्हावे.

अमानत परत व्हायला उशीर झाला, तर काय होते, हे १९९७ साली जगाने पाहिले. ४ जुलै रोजी मंगळावर उतरलेले अमेरिकेचे ‘पाथफाइंडर’ यान काही दिवसांत वारंवार आपोआप नव्याने सुरू होऊ लागले. शोध घेता असे आढळले की, हवामान मोजणाऱ्या कमी महत्त्वाच्या कामाने सामायिक कुलूप धरले होते. ते सोडण्याआधीच मधल्या महत्त्वाची कामे पुढे घुसत आणि बसचा कारभार पाहणारे अधिक महत्त्वाचे काम खोळंबून राही. देखरेख करणारी यंत्रणा बिघाड समजून सारे पुन्हा सुरू करी. उपाय १९९० सालीच शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी एका निबंधात मांडलेला होता. कुलूप धरणारा कितीही लहान असो, त्याच्यासाठी मोठा थांबला असेल, तर तेवढ्यापुरता मोठ्याचा मान त्याला द्यावा, म्हणजे तो लवकर मोकळा होईल. ही सोय पृथ्वीवरून सुरू केली आणि यान सुरळीत चालू लागले.

पालक बंधुभगिनींनो, अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत आणि उल्हासनगरच्या कारखान्यांत आपली माणसे यंत्रांवर काम करीत आली आहेत. ज्या यंत्राचा आवाज ऐकून वडील दोष ओळखत, त्याच यंत्रात आज संगणक बसला आहे. हातातील कसब वाया जात नाही. पण त्याला प्रोग्रामची जोड हवी. त्यासाठी सुरुवातीला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक लहान मायक्रोकंट्रोलर बोर्ड, दोन सेन्सर आणि दोन सामायिक तारा एवढ्यावर आपला मुलगा किंवा मुलगी हा सारा इतिहास स्वतः करून पाहू शकेल. दोन्ही सेन्सर एकाच वेळी वाचताना आकडे का चुकले, याचा शोध ज्याने एकदा घेतला, त्याला कुलपाचे मोल पुन्हा सांगावे लागत नाही.

जी वस्तू सर्वांची आहे, तिच्यावर थोड्या वेळापुरता आपला हक्क असतो. रुळावर हे सत्य लोखंडी गोळ्याने पाळले. संगणकात ते ड्रायव्हर लिहिणाऱ्याने पाळायचे आहे. आपल्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी तरी ही अमानत सांभाळणारे व्हावे, हीच सदिच्छा.