गुडघा दुखतोय? खुब्याच्या स्नायूंकडेही लक्ष द्या

गुडघा दुखायला लागला की आपण गुडघ्यालाच तेल चोळतो, पट्टा बांधतो. पण गुडघा सरळ रेषेत धरायचं बरंचसं काम त्याच्या वरचे, म्हणजे खुब्याचे स्नायू करतात.

नेमकं होतं काय?
चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण सगळं वजन एकाच पायावर येतं. तेव्हा कुल्ल्याच्या बाहेरच्या बाजूचा ग्लुटियस मीडियस हा स्नायू कंबर समपातळीत धरतो. तो कमी पडला की दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकते, मांडी आत वळते आणि गुडघाही आत जातो. त्यामुळे गुडघ्याच्या वाटीवर एका बाजूने जास्त दाब येऊ शकतो. पायऱ्या किंवा उतार उतरताना हे जास्त जाणवतं.

घरी असं पाहा
आरशासमोर, हाताशी भिंत ठेवून एका पायावर उभे राहा आणि गुडघा थोडा वाकवा. कंबर झुकली किंवा गुडघा आत गेला, तर खुब्याची ताकद कमी असू शकते. तोल जात असेल तर हे करू नका.

तीन सोपे व्यायाम
१. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून हळू वर उचला.
२. कुशीवरच, गुडघे वाकवून, टाचा जुळलेल्या ठेवून वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडा.
३. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचला.
सुरुवातीला प्रत्येकी १० वेळा, दोन्ही बाजूंनी, एक दिवसाआड करा. मांडी पुढून बळकट करणारे व्यायामही सोबत हवेत. दुखणं वाढलं तर थांबा.

फरक कधी पडतो?
लगेच नाही, काही आठवडे लागतात. ऑस्ट्रेलियात गुडघ्याची झीज झालेल्या रुग्णांनी १२ आठवडे खुब्याचे व्यायाम केले. २०१० मध्ये आलेल्या त्या अभ्यासात दुखणं कमी झालं, पण सांध्यावरचा भार मात्र कमी झाला नाही. म्हणजे व्यायामाने आराम मिळतो, झीज भरून निघत नाही. शिवाय दुखण्यामुळे चालणं कमी झालं, तरीही हे स्नायू कमजोर होतात.

डॉक्टरांकडे कधी जायचं?
गुडघा सुजला, गरम लागला, अडकला, ताप आला किंवा पायावर भार देता येत नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. बाकीच्यांनीही व्यायामाची पद्धत एकदा फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावी.