हातकडी

हातकडी हे अटकेतील व्यक्तीची मनगटे जखडण्याचे धातूचे साधन आहे. मराठी वृत्तपत्रांत 'बेड्या ठोकल्या' याचा अर्थ केवळ 'अटक केली' एवढाच असतो. मात्र प्रत्येक अटकेसोबत हातकडी आलीच पाहिजे, असे भारतीय कायदा मानत नाही.

तिहार तुरुंगातील एका कच्च्या कैद्याने तारेद्वारे केलेल्या तक्रारीवरून 'प्रेमशंकर शुक्ला विरुद्ध दिल्ली प्रशासन' (१९८०) हा खटला उभा राहिला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने सरसकट हातकडी घालणे अमानुष व राज्यघटनेच्या कलम २१शी विसंगत ठरवले. पळून जाण्याचा खराखुरा धोका असेल तरच, तोही कारणे लेखी नोंदवून, तिचा वापर करता येतो. 'वरच्या वर्गातील' कैद्यांना सूट देणारा नियमही न्यायालयाने अमान्य केला. आसाममध्ये रुग्णालयातील बंदींना खाटेला जखडल्याचे पत्रकार कुलदीप नय्यर यांनी कळवल्यानंतर, १९९५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीची अट अधिक स्पष्ट करण्यात आली.

हातकडी फार आवळल्यास मनगटाजवळील मज्जातंतू दाबला जाऊन अंगठ्यामागील भाग बधिर होतो. त्यामुळे मनगट व कडी यांत थोडी जागा ठेवून दुहेरी कुलूप लावतात. मग झटापटीत कडी आणखी आवळत नाही. हात मागे बांधलेल्या व्यक्तीला पालथे दाबून ठेवल्यास श्वास कोंडू शकतो, म्हणून तिला लवकर कुशीवर वळवणे किंवा बसवणे आवश्यक असते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३(३) नुसार सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेले आणि खून, बलात्कार, दहशतवाद यांसारख्या गुन्ह्यांतील आरोपी यांना पोलीस हातकडी घालू शकतात. तथापि, पलायन रोखण्यास लागेल त्याहून अधिक बंधन घालू नये, हा जुना नियम याच संहितेच्या कलम ४६ मध्ये कायम आहे.