चेहऱ्याची शुद्ध प्रत : व्यक्तिचित्रणातील फोकस, प्रकाश आणि रिटचिंग

३१ डिसेंबर १८६४ रोजी ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी आपले वडीलधारे स्नेही, खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांना एक पत्र लिहिले. कॅमेरा हाती येऊन त्यांना जेमतेम वर्ष झाले होते आणि छायाचित्रकारांच्या वर्तुळातून त्यांच्यावर एकच आक्षेप पुन्हा पुन्हा घेतला जात होता, तो म्हणजे त्यांची चित्रे फोकसमध्ये नसतात. त्या पत्रात कॅमेरॉन यांनी उलट प्रश्न केला. फोकस म्हणजे नेमके काय, आणि अमुक फोकस खरा असे ठरवण्याचा अधिकार कोणाला?

वरवर पाहता हा तंत्राचा वाद आहे. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला तो ओळखीचा वाटावा. हस्तलिखिताची शुद्ध प्रत तयार करताना संपादकाने संहितेत किती हात घालावा, कोणता पाठ मूळचा मानावा, सुधारणा कोठे संपते आणि फेरफार कोठे सुरू होतो, हे प्रश्न पाठचिकित्सेत आपण नेहमी विचारतो. व्यक्तिचित्रणाच्या इतिहासात चेहरा हीच संहिता होती. फोकस, प्रकाश आणि रिटचिंग ही ती ‘सुधारण्याची’ तीन साधने. या तिन्हींचा इतिहास केवळ कौशल्याच्या वाढीचा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो अधिकाराचाही इतिहास आहे.

प्रथम फोकसकडे वळू. १८३९ मध्ये दाग्येर यांची पद्धत जाहीर झाली तेव्हा माणसाचे चित्र घेणे जवळजवळ अशक्य होते. प्रकाशनासाठी कित्येक मिनिटे लागत आणि तेवढा वेळ माणूस निश्चल बसू शकत नसे. ही अडचण व्हिएन्नातील गणिती योझेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये बरीचशी दूर केली. त्यांनी खास व्यक्तिचित्रणासाठी गणिताने आखलेले भिंग आधीच्या भिंगांच्या मानाने कितीतरी पट अधिक प्रकाश आत घेई. बैठकीचा काळ मिनिटांवरून सेकंदांवर येऊ लागला आणि व्यक्तिचित्रांच्या स्टुडिओंचा धंदा उभा राहिला. मात्र या भिंगाचा एक स्वभाव होता. चित्राचा मध्य तो अत्यंत रेखीव दाखवी आणि कडांकडे जाताना सारे विरघळत जाई. म्हणजे मधला चेहरा महत्त्वाचा आणि भोवतालचे दुय्यम, हा निर्णय छायाचित्रकाराने घेण्यापूर्वीच भिंगाने घेतलेला होता. यंत्र निःपक्षपाती असते ही समजूत इथेच पहिल्यांदा डळमळीत होते.

कॅमेरॉन यांचा जन्म १८१५ मध्ये कलकत्त्याचा. त्यांचे पती चार्ल्स हे कंपनी सरकारच्या विधी आयोगावर मेकॉलेबरोबर काम केलेले कायदेपंडित. १८६३ च्या डिसेंबरात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलीने आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. वाइट बेटावरील फ्रेशवॉटर येथे कोंबड्यांच्या काचेरी खुराड्याचा त्यांनी स्टुडिओ केला आणि कोळशाच्या कोठारात अंधारखोली थाटली. भिंग फिरवताना जिथे चेहरा सुंदर दिसू लागे तिथेच आपण थांबत असू, इतरांसारखे रेषा धारदार होईपर्यंत पुढे जात नसू, असे त्यांनी पुढे १८७४ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात सांगितले आहे. त्यात भौतिक कारणांचीही भर पडे. मोठ्या काचेवर, जवळून आणि भिंग पूर्ण उघडे ठेवून चित्र घेतले की रेखीवपणाचा पट्टा अगदी अरुंद होतो. डोळा स्पष्ट आला तर कान पुसट होतो. शिवाय बैठक काही मिनिटांची असल्याने बसणाऱ्याच्या श्वासाची हालचालही काचेवर उतरे.

तरीही या धूसरपणाला सौंदर्यप्रसाधन समजणे चूक ठरेल. १८६७ मध्ये कॅमेरॉन यांनी हर्शेल यांच्या घरी जाऊन घेतलेले त्यांचे चित्र पाहावे. पार्श्वभूमी काळोखी आहे, विस्कटलेल्या पांढऱ्या केसांवर उजेड आहे आणि वृद्ध चेहऱ्यावरची एकही सुरकुती लपवलेली नाही. कपडे, खुर्ची, पुस्तके असे दर्जा दाखवणारे सारे मात्र फोकसने गिळून टाकले आहे. कोलोडियनचे ओघळ, काचेवरचे ओरखडे, बोटांचे ठसे हेही कॅमेरॉन यांनी पुष्कळदा तसेच राहू दिले. टीकाकारांनी या गोष्टीला गलथानपणा म्हटले. आज तोच त्यांच्या प्रामाणिकपणाचा पुरावा वाटतो, कारण चित्र कोणीतरी घडवले आहे हे चित्रच सांगते.

या वृत्तीला सिद्धान्ताचे रूप देण्याचा प्रयत्न पी. एच. इमर्सन यांनी १८८९ मध्ये केला. मानवी डोळा एका वेळी मधला थोडाच भाग स्पष्ट पाहतो, तेव्हा सर्वत्र सारखे धारदार असलेले चित्र निसर्गाला धरून नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रिटचिंगचे ते कट्टर विरोधक होते. गंमत अशी की थोड्याच काळात त्यांनी स्वतःचा सिद्धान्त जाहीरपणे मागे घेतला. सत्याचे एकच माप शोधू पाहणाऱ्या समीक्षकाची ही गत साहित्यातही आपल्या परिचयाची आहे.

दुसरे साधन प्रकाश. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी यांनी भेटकार्डाच्या आकाराच्या छायाचित्रांचे एकस्व घेतले आणि पुढील काही वर्षांत व्यक्तिचित्र ही घाऊक वस्तू झाली. अशा चित्रांत उजेड सपाट असे, माणूस बहुधा उभा आणि पूर्णाकृती दिसे, मागे खांब व पडदे असत. चेहरा नखाएवढा उरे. त्याच शहरात नादार यांनी मात्र खांब-पडदे काढून टाकले, साधा पडदा लावला आणि उजेड एका बाजूने येऊ दिला. १८५७ मध्ये आपल्या व्यावसायिक नावासाठी सख्ख्या भावाशी चाललेल्या दाव्यात त्यांनी मांडलेली भूमिका प्रसिद्ध आहे. छायाचित्रणाचा सिद्धान्त तासाभरात शिकता येतो, परंतु प्रकाशाची जाण शिकवता येत नाही आणि समोरच्या माणसाच्या स्वभावाची ओळख तर त्याहून नाही, असा तिचा आशय होता.

बाजूच्या प्रकाशाने नेमके काय साधते? समोरून पडलेला उजेड चेहऱ्याचा उंचसखलपणा पुसतो. बाजूने आलेला उजेड नाक, गाल, कपाळ यांच्या सावल्या पाडतो आणि चेहऱ्याला घडण देतो. बोदलेर यांनी १८५९ च्या कलाप्रदर्शनावरील लेखात छायाचित्रणावर कडाडून हल्ला चढवला होता, परंतु ते स्वतः नादार यांच्यासमोर एकदा नव्हे, अनेकदा बसले होते. यात विसंगती आहे खरी. पण बोदलेर यांचा रोष हुबेहूब नकलेच्या वेडावर होता, आणि नादार यांच्या चित्रात नकलेपेक्षा वाचन अधिक आहे. कॅमेरॉन यांनी १८६७ मध्ये घेतलेले आपली भाची ज्यूलिया जॅक्सन हिचे समोरून पाहणारे चित्रही असेच, अर्धे उजेडात आणि अर्धे सावलीत. पुढे हीच ज्यूलिया व्हर्जिनिया वुल्फ यांची आई झाली. १९२६ मध्ये वुल्फ आणि रॉजर फ्राय यांनी कॅमेरॉन यांच्या चित्रांचे पुस्तक होगार्थ प्रेसतर्फे काढले.

आता तिसऱ्या आणि सर्वांत वादग्रस्त साधनाकडे, रिटचिंगकडे येऊ. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंग्ल यांनी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात एकाच व्यक्तीचे चित्र रिटच करण्यापूर्वीचे आणि नंतरचे असे शेजारी शेजारी मांडले आणि लोक थक्क झाले, असे सांगितले जाते. त्यानंतर हातात शिसपेन्सिल घेतलेला कारागीर स्टुडिओतील महत्त्वाचा माणूस झाला. अनेक ठिकाणी हे काम स्त्रिया करीत.

या कारागिराची बाजू आधी समजून घ्यायला हवी. त्या काळची कोलोडियनची काच निळ्या प्रकाशाला संवेदनशील होती. तांबडा आणि पिवळा रंग तिला जवळजवळ दिसतच नसे. परिणामी गोऱ्या गालावरचे फिकट तांबूस ठिपके, जे समोरच्या माणसाच्या लक्षातही येत नसत, ते कागदावर काळे डाग होऊन उमटत. निळे डोळे पांढुरके होत. म्हणजे ‘अस्पर्शित’ निगेटिव्ह हे सत्य आणि रिटच केलेले असत्य, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. पुष्कळदा पेन्सिल यंत्राची चूक दुरुस्त करीत असे. लेखनिकाची चूक सुधारणाऱ्या संपादकाला आपण दोष देत नाही, तसेच हे.

परंतु साधनाचा कल इथेही आहे. निगेटिव्हमध्ये सारे उलटे असते. चेहऱ्यावरचा डाग किंवा सुरकुतीची रेघ तिथे पारदर्शक दिसते. त्या जागी शिसाची बारीक टिंबे भरली की ती भोवतालच्या भागाएवढी दाट होते आणि कागदावर डाग नाहीसा होतो. म्हणजे पेन्सिलने केवळ भर घालता येते, आणि घातलेली प्रत्येक भर छापील चित्रात उजळपणा होऊन येते. उलट दिशेने जायचे, एखादी जागा अधिक गडद करायची, तर काचेवरचा थर चाकूने खरवडावा लागे. ते काम कठीण आणि जोखमीचे होते. सोपी वाट नेहमी एकाच दिशेची होती, अधिक गुळगुळीत आणि अधिक उजळ. सौंदर्याची जी कल्पना समाजात आधीच प्रबळ होती तिला साधनाच्या स्वभावाने असा दुजोरा दिला. चूक दुरुस्त करायला बसलेला हात कधी थांबायचे हे विसरला, याचे एक कारण मला इथे दिसते.

फॅशनच्या छायाचित्रणात ही तिन्ही साधने एकत्र आली. १९११ मध्ये एडवर्ड स्टायकेन यांनी पॉल प्वारे यांच्या पोशाखांची चित्रे एका फ्रेंच कलामासिकासाठी घेतली. आधुनिक फॅशन छायाचित्रणाचा आरंभ पुष्कळजण तिथे मानतात. १९१३ पासून ‘व्होग’साठी काम करणारे बॅरन द मेयर पाठीमागून उजेड सोडत आणि मऊ भिंग वापरत. त्यांच्या चित्रांत वस्त्र आणि स्त्री दोन्ही तेजोवलयात तरंगतात. १९२३ मध्ये स्टायकेन त्याच प्रकाशनसंस्थेत आले आणि विजेच्या दिव्यांखाली धारदार, भौमितिक चित्रे घेऊ लागले. कॅमेरॉन यांच्याकडे जी धूसरता माणसाकडे लक्ष वेधण्यासाठी होती, ती इथे मालाची झळाळी वाढवण्यासाठी आली. तंत्र तेच, हेतू पालटला.

१९३१ मध्ये जॉर्ज हरेल यांनी घेतलेले अभिनेत्री जोन क्रॉफर्ड यांचे एक चित्र दोन्ही रूपांत उपलब्ध आहे. एकात ठिपक्यांनी भरलेला, डोळ्यांभोवती बारीक रेघा असलेला, सतेज चेहरा आहे. दुसऱ्यात संगमरवर आहे. प्रेक्षकांना त्या काळी फक्त दुसरे दाखवले गेले. पाहणाऱ्याला तुलनेची संधीच मिळाली नाही, आणि माझ्या मते खरा आक्षेप तिथे आहे. सुरकुती पुसली यापेक्षा, पुसल्याची खूणही पुसली, हे अधिक गंभीर.

१९९० मध्ये ‘फोटोशॉप’ बाजारात आले आणि पेन्सिल, चाकू, भिंग ही सारी एका पडद्यावर गोळा झाली. २०१६ नंतर तर मोबाइल फोनही पार्श्वभूमी गणिताने धूसर करू लागले. पेट्झवाल यांच्या भिंगाचा दोष आता हौसेने निर्माण केला जातो. कायद्यालाही यात पडावे लागले. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून, जाहिरातीतील मॉडेलचा बांधा संगणकावर बारीक किंवा जाड केला असेल तर चित्र रिटच केलेले आहे असे नमूद करणे बंधनकारक झाले. नॉर्वेने १ जुलै २०२२ पासून लागू केलेल्या नियमात आकारमानाबरोबर त्वचेचाही समावेश केला. या कायद्यांनी रिटचिंगवर बंदी घातली नाही. त्यांनी मागितली ती फक्त कबुली.

इथे मला आपल्याकडचे एक जुने उदाहरण आठवते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पाठांतरे होऊन ग्रंथ बिघडला होता म्हणून आपण तो शुद्ध केला, हे त्यांनी कालनिर्देशासह ग्रंथाच्या अखेरीस नोंदवले आणि यात कोणी आपली ओवी घालू नये असेही बजावले. त्यांनी संहितेत हात घातला, पण लपवून नव्हे. पुढे १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली आणि तिच्याविषयी वाद झडले. ते वाद झडू शकले याचे एक कारण असे की शुद्धीकरण झाले आहे हे सर्वांना ठाऊक होते.

चेहऱ्याच्या बाबतीतही मागणी याहून मोठी नाही. फोकस निवडावाच लागतो, प्रकाश कोठून तरी येणारच, आणि यंत्राची चूक सुधारण्यात पाप नाही. निर्विकार, निरपेक्ष चित्र कधी नव्हतेच. कॅमेरॉन यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर, खरा फोकस ठरवण्याचा अधिकार कोणालाच एकट्याला नाही, असेच द्यावे लागेल. मात्र ज्याने तो ठरवला त्याने आपला हात दिसू द्यावा, एवढी अपेक्षा वाचकाला संपादकाकडून असते तशीच पाहणाऱ्याला छायाचित्रकाराकडूनही असायला हवी. कॅमेरॉन यांच्या काचेवर राहिलेला बोटाचा ठसा आणि एकनाथांच्या ग्रंथाखालची कालनोंद या दोहोंचे काम एकच आहे.