वासराची हगवण आणि रक्तातील सोडा

हगवण लागलेले वासरू डोळे खोल जाऊन आडवे पडले, की अंगातले पाणी आटले असे गोठ्यात म्हणतात. ते अर्धेच खरे. उरलेल्या अर्ध्याचा माग लागला तो मात्र माणसांच्या पटकीत.

1831 साली इंग्लंडातील संडरलँड येथे पटकी आली. विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टराने रोग्यांचे रक्त तपासले. पाण्याबरोबर मीठ आणि सोडाही घटलेला त्यास आढळला. 1832 च्या मे महिन्यात स्कॉटलंडातील लीथ येथे टॉमस लॅटा याने मीठ व सोडा यांचे पाणी रोग्यांच्या शिरेत सोडले. पहिली रोगी एक वृद्धा होती. निपचित पडलेली ती अर्ध्या तासात थट्टेने बोलू लागली! पण जुलाब थांबले नव्हते, आणि पाणी देणे थांबले, ती दगावली. पुढच्याच वर्षी लॅटाही वारला व ही विद्या बरीच वर्षे अडगळीत पडली. ओशॉनेसी हिंदुस्थानात आला. येथे त्याचे नाव राहिले ते तारायंत्रासाठी.

वासराचेही तसेच. हगवणीतून बायकार्बोनेट वाहून जाते, न पचलेले दूध आतड्यात आंबून लॅक्टिक आम्ल बनते, आणि रक्त आम्लतेकडे झुकते. म्हणूनच पाणी फारसे न आटलेले वासरूही कधी उभे राहत नाही, चोखत नाही. अशा वासराला पशुवैद्य शिरेतून बायकार्बोनेट देतात. नुसत्या मिठाच्या पाण्याने तूट भरते, आम्लता पुरती हटत नाही. चोखणाऱ्या वासराला मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे प्रमाणशीर पाणी तोंडाने पुरते. दूध तोडण्याची जुनी रीत मात्र त्याला उपाशीच ठेवते.