हिस्लॉप, लिंगो आणि प्रत्युत्तराची परंपरा

नागपूरच्या अर्वाचीन इतिहासात ज्यांना आपण सरसकट ‘इंग्रज’ म्हणून मोकळे होतो, त्यांच्यातील काही ठळक नावे वस्तुतः इंग्रजांची नाहीत, स्कॉटिश माणसांची आहेत. १८०४ ते १८०८ या काळात भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट असलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉट होता. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारल्यावर १८५४ साली त्यांचे राज्य खालसा करणारा गव्हर्नर जनरल डलहौसीही स्कॉटच. आणि ज्याच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून या शहरात उभे आहे, तो स्टीफन हिस्लॉप हाही त्याच देशाचा. १७०७ साली इंग्लंडशी एक झालेल्या या छोट्या देशातील शिकलेल्या तरुणांना कंपनीची नोकरी, सैन्य आणि मिशन ही पुढे येण्याची तीन मोठी दारे होती. नागपुरात ही तिन्ही दारे एकत्र उघडलेली दिसतात.

या तिघांपैकी साहित्याच्या अभ्यासकाला अधिक जवळचा वाटावा असा हिस्लॉप. त्याचा जन्म १८१७ चा, डन्स या गावचा. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून ‘फ्री चर्च’ निर्माण झाले. त्याचा मिशनरी म्हणून तो १८४५ च्या प्रारंभी नागपुरात आला. धर्मप्रसार हा त्याचा उघड हेतू होता आणि तो झाकण्याचे काही कारण नाही. परंतु हा मनुष्य शाळा चालवता चालवता सीताबर्डीजवळच्या टाकळीत, कामठीच्या वाळूच्या दगडांत जीवाश्म शोधत हिंडला. सहकारी रॉबर्ट हंटर याच्यासह त्याने नागपूर परिसराच्या भूस्तरांवर लिहिलेला निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्रीय मंडळासमोर गेला. ‘हिस्लोपाइट’ हे एका खनिजाला दिलेले नाव त्याच्यावरून आले. हंटर पुढे मायदेशी परतला आणि ‘एन्सायक्लोपीडिक डिक्शनरी’ या कोशाचा संपादक झाला. दगडांची नोंद घेणारी दृष्टी आणि शब्दांची नोंद घेणारी दृष्टी यांचे नाते या जोडीत दिसते.

हिस्लॉपच्या बाबतीत ही दृष्टी पुढे माणसांकडे वळली. गोंडांची भाषा, चालीरीती आणि गीते यांची टिपणे त्याने जमवली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात तो बुडून मरण पावला. मागे राहिलेली टिपणे सर रिचर्ड टेंपल याने १८६६ साली नागपूरहून प्रसिद्ध केली. त्यांत लिंगोचे गीत आहे: महादेवाने गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगो कसा मुक्त करतो आणि त्यांची कुळे कशी बांधतो, याची ती कथा. एका परधान गायकाच्या तोंडून ते उतरवून घेतलेले आहे.

इथे आमच्या मते खरा प्रश्न उभा राहतो. लेखकाचे नाव महाविद्यालयावर आहे, खनिजावर आहे. ज्याने ते दीर्घ गीत पाठ ठेवले आणि गायले, त्या परधानाचे नाव आपल्या वाङ्मयीन चर्चेत कुठेच नाही. मौखिक वाङ्मय छापले जाते तेव्हा ते टिकते, पण त्याचा मालक बदलतो. १८७१ साली जेम्स फोर्सिथ याने तर हीच कथा आपल्या ग्रंथात लाँगफेलोच्या ‘हायावाथा’च्या छंदात इंग्रजीत बसवली. परधानाच्या किंगरीवरचे गीत दोन टप्प्यांत अमेरिकन कवीच्या लयीत जाऊन पोचले.

मग अशा ग्रंथांचे करायचे काय? मराठीपुरते याचे उत्तर आणखी एका स्कॉटच्या निमित्ताने आधीच मिळाले आहे. बॅन्फ गावच्या जेम्स ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिला. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्यावर टीका लिहिली, तेव्हा त्याने ना ग्रंथाची पूजा केली, ना तो फेकून दिला; त्याची साधने तपासली. त्या वाटेने पुढे राजवाड्यांनी १८९८ पासून मूळ कागदपत्रांचे खंडच काढले. डफ नसता तर ही चळवळ कदाचित इतक्या लवकर उभी राहिली नसती. पण ती उभी राहिली ती त्याला उत्तर देण्यासाठी.

लिंगोच्या बाबतीत असे उत्तर यायला शतकाहून अधिक काळ लागला. रामटेक परिसरात जन्मलेले आणि नागपुरात राहिलेले गोंडी भाषेचे अभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी ‘पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन’ या हिंदी ग्रंथात लिंगोची कथा समाजाच्या आतून, धर्मदर्शन म्हणून मांडली. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या गुहेकडे दरवर्षी माघात गोंड समाज जमतो, तेव्हा हिस्लॉपने कागदावर उतरवलेली कथा तिच्या धारकांकडे परतलेली असते. कंगालींच्या प्रत्येक निष्कर्षाशी सहमत होण्याची गरज नाही. कीर्तन्यांच्याही प्रत्येक आक्षेपाशी आपण सहमत नसतो. मुद्दा बोलण्याच्या अधिकाराचा आहे. टाकळघाटचेही असेच झाले. ज्या शिळावर्तुळांनी हिस्लॉपला खेचले, त्यांचे पद्धतशीर उत्खनन शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठाने १९६८ नंतर केले.

स्कॉटलंडच्या नामवंतांची यादी करायला बसले की स्टीव्हन्सन, वॉट, अ‍ॅडम स्मिथ ही नावे आपोआप येतात. विदर्भापुरती यादी करताना मात्र त्या नावांसमोर एक रकाना मोकळा ठेवावा, असे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सुचवतो: याला उत्तर कोणी दिले? डफसमोर कीर्तने आणि राजवाडे आहेत. हिस्लॉपसमोर कंगाली लिहिता येतात. त्यांच्या मराठी वाचनाचे काम मात्र अजून व्हायचे आहे, आणि ते मराठी विभागांचेच काम आहे. १८६६ चे टिपण आणि कंगालींचा ग्रंथ शेजारी शेजारी ठेवून वाचणारा एखादा प्रबंध नागपुरात लिहिला गेला, तर त्या अनामिक परधानाचे ऋण थोडेसे तरी फिटेल.